एक वाव जागा

आमच्या दुकानात दोरी मोजायला गज किंवा पट्टी कधीच नव्हती. गिऱ्हाईक यायचं, चार वाव कासरा मागायचं, आणि बाबा गादीवरून उठून दुकानाच्या मधोमध उभे राहायचे. दोन्ही हात ताणून पसरले की त्यांची बोटं दोन्हीकडच्या भिंतींना टेकायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली दोरी म्हणजे एक वाव. मग दोरी सरकवायची आणि पुन्हा हात पसरायचे. "हे दुकान देवानं माह्याच मापाचं शिवलं," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईकही दरवेळी नव्यानं हसायचं. कासरे, वेसणी, मोरक्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, झुली, पोळ्याला शिंगांना बांधायचे गोंडे, असा आमचा माल. दिग्रसच्या जुन्या लाईनीत सात दुकानं होती. पश्चिमेकडून मोजलं तर आमचं शेवटचं आणि सगळ्यांत लहान. पलीकडे सरकारी विहीर आणि कडुलिंब.

बाबा एका हिवाळ्यात तापानं गेले. तेरवी झाल्यावर मायनं दुकान उघडलं तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकापुढे अडचण उभी राहिली. माय ठेंगणी. तिनं हात पसरले तर दोन्हीकडे वीतभर जागा उरे. त्या दिवशी तिनं दोन्ही भिंतींतल्या लाकडी खांबांवर समोरासमोर एकेक खिळा ठोकला आणि खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरी ताणून द्यायला सुरुवात केली. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "वहिनी, खिळ्याचं माप देऊन राह्यल्या. आमच्या भाऊचं माप कुठं गेलं?" माय दोरी कापता कापता म्हणाली, "तुमच्या भाऊचं बोट जिथं टेके ना, तिथंच खिळा हाय. पहा हात लावून." त्यानं खरंच हात लावून पाहिला. मी तेव्हा नववीत होते. शाळेतून आले की घुंगरमाळांखाली बसून पुस्तक वाचायची. वारा आला की डोक्यावर घुंगरं वाजायची. पुढे यवतमाळच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलं. तिथली शांतता मला कधी फारशी मानवली नाही, ती बहुधा याच सवयीमुळे.

जुनी लाईन म्हणजे एकाच लांब छपराखाली बसलेलं एक कुटुंब होतं. पुढे सगळ्यांना मिळून एकच ओटा आणि त्या ओट्यावर सागवानी खांबांची रांग. खांबांवर वेल आणि पोपट कोरलेले होते, ते कोणी कोरले हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुकानांमधल्या भिंती मात्र कुडाच्या. बांबूचा ताटवा, त्यावर माती, चार बोटं जाडीची. पलीकडचा शिंकला तर इकडचा 'जय हो' म्हणायचा. पहिलं दुकान रूपसिंगकाकांचं, कापडाचं. ते बंजारा, त्यांच्या घरी गोर बोली बोलत. त्यांची म्हातारी आई, जिला ते 'याडी' म्हणत आणि म्हणून सगळी लाईनही याडीच म्हणे, रोज सकाळी ओट्यावर येऊन बसे. आमच्या शेजारचं, म्हणजे शेवटून दुसरं दुकान वासुदेवकाकांचं, तांब्यापितळेच्या भांड्यांचं. त्यांच्या हातोडीचा ठोका सकाळी आमच्या घरापर्यंत ऐकू आला की माय चूल सारखी करायची.

वासुदेवकाकांशी आमचा अबोला होता. कारण अगदी क्षुल्लक: ते कल्हई करायचे, नवसागराचा धूर कुडातून आमच्याकडे यायचा, बाबांना खोकला यायचा. एक दिवस बाबांनी ओलं पोतं भिंतीला लावलं, त्या ओलीनं त्यांच्याकडची माती ढासळली, आणि दोघंही तोंड फिरवून बसले ते बसलेच. बाबांच्या तिरडीला काकांनी खांदा दिला, पण मायशी एक शब्द बोलले नाहीत. अबोल्यातही कामं अडतातच, तेव्हा निरोप माझ्यामार्फत जात. दोघं हाताच्या अंतरावर उभे असायचे. काका म्हणायचे, "नंदे, तुह्या मायले सांग, गाय दोर खाऊन राह्यली." माय म्हणायची, "नंदे, त्यायले सांग, म्या पाह्यलं." मी मधे उभी, मला काही सांगावंच लागत नसे.

वैशाखात लाईन जळाली. दुपारची वेळ, सगळी दुकानं फळ्या लावून बंद, माणसं घरी जेवून लवंडलेली. मधल्या एका दुकानात गाद्यांसाठी कापूस भरून ठेवला होता, तिथून सुरुवात झाली म्हणतात. कोणी विडीचं नाव घेतलं, कोणी विजेच्या तारेचं. नक्की कधीच कळलं नाही. आम्ही धावत पोचलो तेव्हा विहिरीवर माणसांची रांग लागली होती आणि कापूस, कापड, तेल, दोर असं सगळं पेटवत आग दोन्हीकडे एकेक दुकान पुढे सरकत होती. आमचं शेवटी पेटलं. अंबाडी जळते त्याचा वास गोडसर असतो. मायनं माझ्या धाकट्या भावाला, मधूला, कडेवर घेतलं होतं आणि ती कडुलिंबाखाली उभी राहून बघत होती. कोणाला इजा झाली नाही, हे त्या संध्याकाळी लोक एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि दरवेळी ऐकणाऱ्याचे खांदे थोडे खाली येत.

राख निवल्यावर एक गोष्ट दिसली. ओट्यावरचे सागवानी खांब उभे होते. बाहेरून कोळसा, पण सुतारानं वाकसानं वरचा थर तासला तर आत तेच मधाच्या रंगाचं लाकूड. पोपट गेले, वेली गेल्या, खांब बारीक झाले, पण हलले नाहीत. नगरपालिकेनं आहे त्याच जागी बांधायला परवानगी दिली, एकाच अटीवर: आता कूड नको, भिंती विटेच्याच हव्यात. ती अट रास्तच होती. कोणीही त्यावर दोनदा विचार केला नाही, आणि तिथंच गणित चुकलं.

त्या उन्हाळ्यात आमचं घर म्हणजे कारखाना झालं. सगळा माल जळालेला. पोळ्याच्या आत दुकान उभं राहिलं नाही तर वर्षाचा धंदा हातचा जाणार, कारण कासरा आणि घुंगरं शेतकरी पोळ्यालाच घेतो, नंतर त्याला बैल दिसत नाहीत, सोंगणी दिसते. माय पहाटे उठून भाकरी थापायची. भाकरीवर ठेचा, कधी तिखटाच्या भुरक्यावर तेल, संध्याकाळी वरण. बाकी दिवसभर अंगणात लाकडी ढेरा गरगर फिरत असे आणि तिच्या मांडीवरून अंबाडीची सुतळी वळली जाई. मी घुंगरं ओवायची. एक मामा, मायचा भाऊ, आर्णीहून आला आणि म्हणाला, "ताई, कायले करतं एवढं? जागा इकून टाक अन् चाल माह्यासंग." माय म्हणाली, "तिकडं तुह्यी बायको मले दोन दिवस चहा देईन, तिसऱ्या दिवशी कप लपवन." मामा हसला, कारण ते खरं होतं. पण तो गेल्यावर ती बराच वेळ ढेरा हातात धरून बसली. ती जागा म्हणजे आमच्याकडे उरलेलं सगळं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बांधकाम पश्चिमेकडून सुरू झालं, कारण विटांच्या बंड्या तिकडूनच आत येऊ शकत. अजीज मिस्त्री सगळ्या लाईनीला एकच. एकाच्या भिंती झाल्या की शेजारच्याच्या. माप घ्यायची लाईनीची आपली रीत होती: दुकान आतून मोजायचं. रूपसिंगकाकांनी आपली बैठकीची नवी गादी आणून जमिनीवर अंथरली. गादी आणि तिच्या बाजूला कापडाची फडताळं मावली पाहिजेत, पूर्वी मावत तशी. त्यांच्या शेजारच्या हलवायानं भट्टीपासून माप धरलं. वासुदेवकाकांकडे मांडणीची लोखंडी चौकट आगीतून वाचली होती, तीच त्यांनी उभी केली. जेवढी आधी होती तेवढीच जागा प्रत्येकानं घेतली. कोणी बोटभर जास्त घेतली नाही. जळका राडारोडा मात्र सगळे पूर्वेला, आमच्या जागेवर टाकत गेले. माय म्हणायची, टाका, आपलं शेवटीच होणार हाय.

आषाढाच्या सुरुवातीला वासुदेवकाकांची भिंत कंबरेइतकी आली आणि आमच्या जागेवरचा राडारोडा उचलला गेला. मिस्त्री सूत घेऊन आले. विहिरीच्या बाजूची खूण धरली, दुसरं टोक काकांच्या भिंतीला लावलं आणि तसेच वाकलेले राहिले. मग सरळ होऊन मायकडे बघितलं. "भाभी, इथं तं दुकान नाई बसत. इथं एक माणूस उभा राहीन फक्त."

माय त्या फटीत जाऊन उभी राहिली. तिनं हात पसरायला घेतले. कोपरंच भिंतींना लागली. ती तशीच उभी राहिली, पंख दुमडलेल्या कोंबडीसारखी, आणि मग वर्षांनंतर पहिल्यांदा, मला मधे न घेता, वासुदेवकाकांकडे बघून बोलली.

"माह्या नवऱ्याची जागा खाल्ली तुम्ही."

काकांचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. ते म्हणाले, "नंदे, मायले सांग, मोजा म्हणा. माह्या दुकानात येऊन मोजा."

लाईन गोळा झाली. जळलेल्या चौकटीवरून काकांची जागा मोजली. जितकी होती तितकीच. मग काका म्हणाले, माझ्या पश्चिमेच्या शेजाऱ्याची मोजा. त्याचीही तितकीच. एकेक करत घोळका पश्चिमेकडे सरकत गेला, प्रत्येक जण आपल्या दुकानात उभा राहून शपथेवर सांगत होता आणि प्रत्येकाचं सांगणं खरं ठरत होतं. हलवाई तर भट्टीवर हात ठेवून म्हणाला, "बोटभर निघाली तर या आगीत हात घालतो." भट्टी थंड होती, हे कोणीतरी म्हणालं, आणि थोडं हसू झालं. शेवटी सगळे रूपसिंगकाकांच्या दुकानात पोचले. त्यांचं काम पुरं झालं होतं, वर टिनही चढलं होतं. तिथली गादी नीट मावत होती. सात दुकानांत चोर नव्हता आणि एक दुकान नाहीसं झालं होतं.

सगळे परत आले. रूपसिंगकाका अंगानं भारी; चालून दमले आणि वासुदेवकाकांच्या अर्धवट भिंतीवर टेकले. ऐसपैस बसले. थोड्या वेळानं त्यांनी खाली, आपल्याच बैठकीकडे बघितलं. भिंतीवर हात फिरवला.

"अरे," ते हळूच म्हणाले, "म्या या भितीवर बसून राह्यलो. आपल्या पहिल्या भितीवर बसता येत होतं काय कोनाले?"

 चार बोटांच्या कुडाच्या जागी वीतभर जाडीची वीट आली होती, सात दुकानांच्या सात भिंती, आणि प्रत्येक भिंतीनं पुढच्याला थोडं थोडं पूर्वेकडे ढकललं होतं. ढकलता ढकलता शेवटी विहीर आली. आमची जागा माणसांनी नाही, भिंतींनी खाल्ली होती. माय खाली बसली. भांडायला कोणी असतं तर बरं, असं तिला वाटलं असावं. मला तरी तसंच वाटलं.

अजीज मिस्त्री म्हणाले, अर्ध्या विटेची भिंत चालेल, मधे खांब घेतले की टिन तोलेल. सगळ्यांनी थोडं थोडं आत घेतलं तर शेवटचं दुकान बसेल. पण त्यासाठी पहिल्यापासून सगळ्या भिंती उतरवाव्या लागतील. 'पहिल्यापासून' म्हटल्यावर सगळ्यांनी रूपसिंगकाकांकडे पाहिलं, आणि रूपसिंगकाकांनी आपल्या नव्या टिनाकडे. "माह्यं तं झालं सगळं," ते म्हणाले, "आता उद्या पाऊस आला तं कापड कुठं नेऊ?" हलवाई म्हणाला, रूपसिंगभाऊ सरकत नाहीत तर मी सरकून काय उपयोग? त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. प्रत्येकाचं म्हणणं पुन्हा बरोबरच होतं. लोक पांगले. घरी मायनं भाकरी केली, पण मीठ घालायला विसरली, आणि आम्ही तिघांनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडीचा आवाज आला. माय सवयीनं चूल सारखी करायला उठली आणि थबकली. वासुदेवकाकांचा माल तर आगीत वितळला होता, मग ठोका कशाचा? आम्ही लाईनीत गेलो. काका आपल्याच हातानं आपली भिंत उतरवत होते. भांड्याच्या हातोडीनं, एकेक वीट सुटी करून, फुटू न देता बाजूला रचत. त्यांना काही फायदा नव्हता. पश्चिमेकडचा शेजारी सरकल्याशिवाय त्यांना सरकायला जागाच नव्हती. आता त्यांचंही दुकान उघडं पडलं, एवढंच झालं. माय बघत उभी राहिली आणि मग पदर खोचून विटा उचलायला लागली.

"नंदे," काका हातोडी न थांबवता म्हणाले, "मायले सांग, विटाले कोर हाय. हाताले लागन."

"नंदे, त्यायले सांग, माह्ये हात दोरानं पक्के झाले."

काकांनी एक वीट सोडवली. मायनं हात पुढे केला. त्यांनी ती माझ्याकडे न देता सरळ तिच्या हातात दिली. "वहिनी," ते म्हणाले, "त्या दिवशी ओल्या पोत्यानं भित पडली नव्हती. ती तशीही पडणारच होती."

माय म्हणाली, "धूरही काही एवढा येत नव्हता."

मला तिथं आता काही काम नव्हतं. मी जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसले.

दुपारपर्यंत लाईनीतला प्रत्येक जण कसल्या तरी निमित्तानं तिथून जाऊन आला.  शेवटी याडी आली, काठी टेकत, अख्खा ओटा चालत. एरवी ती आपल्या खांबापलीकडे येत नसे. तिनं उघडी पडलेली दोन दुकानं पाहिली आणि मागून आलेल्या लेकाला, आम्हा सगळ्यांना समजावं म्हणून वऱ्हाडीत, म्हणाली:

"रूपा, आपला तांडा उतरे तवा बैलगाड्या गोल लागत. एखादी गाडी मागून आली तं तिले बाहेर ठेवत काय?"

रूपसिंगकाका म्हणाले, "याडी, त्या गाड्या होत्या. हे भिती हायत."

"मंग भिती कायले बांधल्या, गाडीपेक्षा जड?" म्हातारी म्हणाली. "सरकून घेत होते सगळे. पहिला सरके, मंग दुसरा. पहिला मीच सरकवत होती, तुह्या बापाची गाडी पहिली राहे."

काकांनी कपाळ चोळलं. मग पोराला म्हणाले, "शिडी आण. टिन उतरव." आणि मिस्त्रीला म्हणाले, "कापड याच्या मिठाईजवळ ठेवीन. मुंग्या लागल्या तं यालेच नेसवीन." हलवाई म्हणाला, "मले धोतर लागते, लुगडं नाई." ते हसणं लाईनभर पसरत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडून हातोड्या ऐकू येत होत्या. आयुष्यात मी बरेच मंगल आवाज ऐकले असतील. भिंती पाडण्याचा तो आवाज त्यांच्यात वरचा आहे.

नवं माप घेतलं तेव्हा प्रत्येकाला चार चार बोटं आत घ्यावी लागणार असं निघालं. रूपसिंगकाका म्हणाले, वहिनीचं दुकान लहान, त्यांची चार बोटं आम्ही वाटून घेऊ. माय म्हणाली, "सगळ्यायचे चार बोटं, तं आमचेही चार बोटं. माह्या एकटीच्याच भिती काय देवानं बांधल्या?" यावर तिनं कोणाचंच काही चालू दिलं नाही.

श्रावणात आमचं टिन चढलं. त्या दिवशी सगळ्या लाईनीनं कडुलिंबाखाली रोडगे केले. उतरवलेल्या भिंतींतल्या फुटक्या विटांची मांड, तिच्यात गोवऱ्यांचा आर, त्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. वासुदेवकाकांनी आगीतून वाचलेल्या दोन पराती घासून लखलखीत करून आणल्या. पंगतीत ते मायला म्हणाले, "वहिनी, तूप घ्या," आणि याडी मला म्हणाली, "पोरी, आता तुले पुस्तक वाचाले टाइम भेटन."

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला गर्दी झाली. पहिलं गिऱ्हाईक तेच जुनं आलं. माय उठली. दोन नव्या भिंतींत दोन नवे खिळे होते. तिनं दोरी ताणली, पुढे सरकवायला घेतली आणि थांबली. मग खिळ्याच्या पुढे, भिंतीवरून वळवून, दोरीवर आपली चार बोटं आडवी ठेवली आणि त्यांच्या पलीकडे चिमटीत धरली. पुढच्या वावालाही तसंच, आणि शेवटी कापली. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, हे काय नवीन?" ती म्हणाली, "भित आत आली. भाऊचे हात नाई आले." यानंतर तिनं दुकानात बसण्याची सगळी वर्षं प्रत्येक वावाला चार बोटं वर दिली. त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

माय या उन्हाळ्यात गेली. पिकलं पान होतं, झोपेत गेली, आणि खरं सांगायचं तर रडून झाल्यावर मनात जे उरलं ते सुटकेच्या जवळचं काही होतं: तिचं दुकान तिच्या हयातीत एकदा गेलं होतं, आणि ती ते पुन्हा उभं असलेलं पाहून गेली. तेरवीनंतर मी लाईनीत जाऊन बसले. वासुदेवकाकांच्या जागी आता त्यांचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. खांब तेच आहेत, त्यांवर तेलरंग चढलाय. आमच्या दुकानात मधूचा मुलगा निखिल बसतो. बैल कमी झाले. तो नायलॉनची दोरी, ताडपत्री, पंपाचे पट्टे विकतो. एक शेतकरी दुचाकीवरून उतरला, त्यानं दहा मीटर दोरी मागितली. निखिलनं स्टीलचा टेप ओढला, दहा मीटर नीट मोजले, मग टेप सोडून दोरीवर चार बोटं आडवी ठेवली आणि पलीकडे कापली.

मी विचारलं, "हे वरचे काहून रे?"

तो दोरीची गुंडाळी करत होता. "माहीत नाही, आत्या," तो म्हणाला. "इथं असंच देतात."